शेअरपॉइंट ऑनलाइन: नाशिकच्या अंबडमधल्या एका डॉक्युमेंट कंट्रोलरचा तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

शेअरपॉइंट म्हणजे कंपनीचे कागद ठेवायची, शोधायची आणि मंजूर करायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन सोय. तिला पाचपैकी चार तारे देते आहे. एक का कापला ते पुढे येईल. त्याआधी ज्या दिवसामुळे आम्ही तिथले कागद नीट मांडायच्या कामाला खरेपणाने हात घातला, तो दिवस सांगते.

ग्राहकाचे ऑडिटर अंबडच्या प्लांटमध्ये लाइनवर उभे होते. भागाचं भोक आतून घासून नेमक्या मापाला आणणाऱ्या हॉनिंग मशीनशेजारच्या बोर्डावर कंट्रोल प्लॅन (काय, कसं आणि किती नगांनी तपासायचं तो कागद) लावलेला होता, प्लास्टिकच्या पाकिटात, अगदी नीट. त्यांनी रिव्हिजन (कागदाची सुधारित आवृत्ती) वाचली: सी. मग माझ्या टेबलावरची मास्टर लिस्ट मागवली. तिथे रिव्हिजन ई. मधल्या दोन बदलांत बोअरची, म्हणजे भोकाची, तपासणी दर ५० नगांऐवजी दर २० नगांना करायचं ठरलं होतं आणि मशीनवरचा मुलगा अजून पन्नासलाच मोजत होता. त्याची काहीच चूक नव्हती. हातात दिलेला कागद तो इमानदारीने पाळत होता. चूक माझ्या खात्याची होती. त्या एनसीवर (नियम पाळला न गेल्याच्या नोंदीवर) सही करताना पोटात जो खड्डा पडला, तो मी विसरलेले नाही.

मी क्वालिटीत १९ वर्षं आहे, त्यातली ११ डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. अंबडला दोन प्लांट, सातपूरला एक, सिन्नरला एक. माणसं अडीच हजारांच्या वर, त्यात रोज कॉम्प्युटरवर बसणारी सहाशेच्या आसपास. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता मानकाच्या ७.५ कलमाचं म्हणणं साधं आहे: कागद जिथे लागतो तिथे, लागतो तेव्हा आणि वापरता येईल अशा अवस्थेत मिळाला पाहिजे. हे एवढंच करून दाखवण्यासाठी मला पगार मिळतो आणि नेमकं तेच होत नव्हतं.

शेअरपॉइंट आमच्याकडे आलं २०२० च्या टाळेबंदीत. घरून काम सुरू झालं, जुना सामायिक ड्राइव्ह बाहेरून उघडेना, म्हणून घाईघाईने लायसन्स घेतली. बाहेरचे एक सल्लागार नेमले. त्यांनी आमचा ऑर्गनायझेशन चार्ट मागितला आणि तो जसाच्या तसा साइटमध्ये, म्हणजे शेअरपॉइंटमधल्या कप्प्यांमध्ये, उतरवला. वर कंपनी, तिच्याखाली खाती, खात्याखाली विभाग, विभागाखाली सबसाइट. दोनशेच्या वर सबसाइट झाल्या. कागदावर ते झाड फार देखणं दिसत होतं, मलाही आवडलं होतं. दीड वर्षात व्यवस्थापनाने मेन्टेनन्स आणि टूलरूम एकत्र केलं, सातपूरचं प्लॅनिंग अंबडला हलवलं आणि झाड मोडलं. सबसाइट उचलून दुसऱ्या साइटखाली नेऊन ठेवायची सहज सोय नाही. आतलं सामान एकेक करून वाहून न्यावं लागतं. मग लोकांनी जे करायचं तेच केलं. जुन्या जागी जुनं राहू दिलं, नव्या जागी प्रत केली. एका कंट्रोल प्लॅनच्या सहा प्रती मी स्वतः मोजल्या आहेत. बोर्डावरची रिव्हिजन सी त्यांपैकीच एकीवरून छापलेली होती.

ऑडिटनंतरच्या रविवारी मी आत्याकडे गेले होते. आत्या आयुष्यभर ग्रंथपाल होती. लहानपणी तिचं बोट धरून मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जायची. १८४० साली सुरू झालेल्या त्या संस्थेबद्दल आत्या घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलते. मी तिला आमचं भांडण सांगितलं. क्वालिटी म्हणते फोल्डर ग्राहकाच्या नावाने करा, प्रॉडक्शन म्हणतं मशीनच्या नावाने, टूलरूम म्हणतं डायच्या (साच्याच्या) नंबराने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, पुस्तक एकाच फळीवर राहतं. पण त्याची कार्डं कितीही करता येतात. तुम्ही फळीवरून भांडताय, कार्डं केलीच नाहीत." मग तिने मला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन समजावून सांगितले. १९३३ साली त्यांनी कोलन वर्गीकरण मांडलं, त्यात प्रत्येक विषयाला पाच अंगांनी बघायचं: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ, काळ. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आमचे शब्द त्यांच्यासमोर लिहीत गेले. पार्ट नंबर, मटेरिअल, ऑपरेशन, प्लांट, तारीख. पाचही जुळले. आमच्या धंद्यात त्यात ग्राहक आणि कागदाचा प्रकार एवढे दोनच जोडावे लागले.

शेअरपॉइंटमध्ये ही कार्डं करायची पूर्ण सोय आहे आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. लायब्ररीतल्या, म्हणजे साइटमधल्या फाइलींच्या कपाटातल्या, प्रत्येक फाइलला रकाने जोडता येतात. ते रकाने एकत्र बांधून कंटेंट टाइप बनवता येतो. म्हणजे 'कंट्रोल प्लॅन' म्हटलं की त्याला पार्ट नंबर, रिव्हिजन, ग्राहक आणि प्लांट हे रकाने असणारच आणि ते भरावेच लागणार. मग तीच फाइल टूलरूमवाला डायच्या नंबराने गाळून बघतो, लाइन इन्स्पेक्टर ऑपरेशनने, मी रिव्हिजनच्या तारखेने. फाइल मात्र एकच. ही सोय २०२० सालीही होती. आम्ही ती उघडूनच पाहिली नव्हती.

दुसऱ्यांदा आखणी केली तेव्हा पहिले दोन महिने एकही साइट बनवू द्यायची नाही असं मी आयटीच्या सरांना सांगितलं. त्यांनी ते मानलं, त्याबद्दल त्यांचे आभार. त्या दोन महिन्यांत आम्ही फक्त मोजदाद केली. कोणत्या प्रकारचे कागद आहेत, कोण लिहितं, कोण मंजूर करतं, कोण वाचतं, किती वर्षं ठेवायचे. १४० प्रकार निघाले. प्रत्येकाचं नाव एका जाड कार्डावर लिहिलं आणि ट्रेनिंग रूमच्या फरशीवर पसरलं. मग २४ माणसांना, एकेकाला, बोलावलं: ऑपरेटर, स्टोअरचे काका, कॅलिब्रेशनच्या ताई, पर्चेस, डिस्पॅच, मॅनेजर. प्रत्येकाला एवढंच सांगायचं की एकत्र राहावेत असं वाटतं ते कागद एकत्र ठेवा आणि त्या ढिगाला नाव द्या. मॅनेजर मंडळींनी खात्यांप्रमाणे ढीग केले. लाइनवरच्या जवळजवळ सगळ्यांनी पार्टप्रमाणे केले. स्टोअरच्या काकांनी तिसरंच केलं. त्यांनी 'रोज लागणारे', 'भांडण झालं की लागणारे' आणि 'ऑडिटला लागणारे' असे तीन ढीग मांडले. त्या तीन ढिगांनी मला सल्लागारांच्या सगळ्या स्लाइडपेक्षा जास्त शिकवलं. आमच्या होम पेजवर आज वरच्या ओळीत रोज लागणारे कागदच आहेत, बाकीचे खाली.

त्यातून एक कामाचा नियम निघाला. बघणारी माणसं बदलतात तिथे साइट वेगळी करायची. नुसता विषय बदलतो तिथे रकाना पुरे. ग्राहकांची ड्रॉइंग गोपनीय असतात, म्हणून दर ग्राहकाला स्वतंत्र साइट. कंट्रोल प्लॅन, कामाच्या सूचना, फॉर्म हे सगळ्या प्लांटना सारखेच दिसायचे, म्हणून चार प्लांट मिळून एकच साइट आणि प्लांट हा फक्त रकाना. दोनशेवरून आम्ही ३१ साइटवर आलो. एकाखाली एक अशी कुठलीच नाही, सगळ्या एका पातळीवर, आणि त्या एका हबला जोडलेल्या. हब म्हणजे समान मेनू, समान रंगरूप आणि सगळ्यांत मिळून शोध. साइट हबला जोडली म्हणून तिच्या परमिशन बदलत नाहीत आणि उद्या खातं दुसरीकडे गेलं तर साइट दुसऱ्या हबला जोडायला दोन मिनिटं लागतात, आतली एकही फाइल हलत नाही. ही सोय २०१८ मध्ये आली. आमच्या पहिल्या आखणीच्या आधी दोन वर्षं.

जुन्या नाशकात फिरताना भांडी बाजार, सराफ बाजार, कापड बाजार अशी नावं लागतात. दुकानांचे मालक किती बदलले असतील, पण गल्लीत काय मिळतं त्यावरून पडलेलं नाव टिकलं. साइटला नाव देताना मी हेच धरून बसले. व्हीपी साहेबांच्या खात्याचं नाव नको, आत काय मिळतं त्याचं नाव द्या. 'गेज व कॅलिब्रेशन'. 'डाय व टूल'. तीन वर्षांत खात्यांची नावं दोनदा बदलली, साइटची एकही नाही.

नावावरूनच एक सूचना, कारण मराठीत काम करणाऱ्यांना ही हमखास आडवी येते. साइटचं दिसणारं नाव मराठीत खुशाल ठेवा, पण पत्ता रोमन अक्षरांतच घ्या आणि आखूड घ्या. पत्त्यात देवनागरी आली की लिंक कॉपी करताना एकेका अक्षरचिन्हाचे नऊ कॅरेक्टर होतात. 'नाशिक' या छोट्याशा शब्दाचे ४५. अशी लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि माणसं ती उघडायलाच घाबरतात. फाइलच्या पूर्ण मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे ती वेगळीच. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करणाऱ्या आमच्या पर्चेसने ती गाठली होती.

आता मंजुरीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले. लायब्ररीत मसुद्याच्या आणि मंजूर अशा दोन प्रकारच्या आवृत्त्या ठेवता येतात. ०.१, ०.२ हे मसुदे फक्त लिहिणाऱ्याला आणि मंजूर करणाऱ्याला दिसतात. सही झाली की १.० होते आणि वाचणाऱ्याला फक्त तीच दिसते. नवा मसुदा चालू असला तरी लाइनवर मंजूर आवृत्तीच उघडते. शिवाय डॉक्युमेंट आयडीची सोय चालू केली की प्रत्येक फाइलला कायमचा क्रमांक मिळतो. फाइलची जागा बदलली तरी क्रमांकाची लिंक चालते. त्या लिंकचे क्यूआर कोड छापून आम्ही मशीनवर चिकटवले. बोर्डावर आता कंट्रोल प्लॅनचा कागद नाही. कोड आहे आणि शेजारी साखळीला टॅब.

पीपॅपसाठी, म्हणजे नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याच्या कागदांसाठी, डॉक्युमेंट सेट (एकत्र बांधलेल्या फाइलींचा संच) वापरतो. पीपॅपचे १८ घटक असतात: ड्रॉइंग, पीएफएमइए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं त्याचा अभ्यास), कंट्रोल प्लॅन, एमएसए (मोजमापाच्या पद्धतीची पडताळणी), मोजमापांचे निकाल असे करत वॉरंटपर्यंत, म्हणजे शेवटच्या सहीच्या कागदापर्यंत. नवा सेट काढला की आमचे कोरे नमुने त्यात आपोआप येतात. पार्ट नंबर आणि ग्राहक एकदा सेटवर लिहिला की आतल्या सगळ्या फाइलींना लागतो. पूर्वी नव्या इंजिनिअर मुलीला एक पीपॅप फाइल रचायला तीन दिवस जायचे, त्यातला एक तर कुठला नमुना ताजा आहे ते विचारत फिरण्यात. आता ते फिरणं संपलं.

टर्म स्टोअर, म्हणजे ठरलेल्या शब्दांची सामायिक यादी, हीही जरूर वापरा. खराब निघालेल्या मालाच्या ज्या नोंदीला अंबडला 'एनसीआर' म्हणतात तिला सातपूरला 'रिजेक्शन नोट' म्हणतात आणि सिन्नरला 'लाल कार्ड'. आम्ही एक शब्द मुख्य धरला, बाकीचे त्याचे पर्यायी म्हणून नोंदवले. सिन्नरचा माणूस रकान्यात 'लाल' टाइप करतो आणि त्याला बरोबर शब्द सुचवला जातो. यावर झालेल्या बैठका लांबल्या, पण त्या व्हायलाच हव्या होत्या. कुणाचाही शब्द चुकीचा ठरवला नाही.

ज्या मर्यादा आधीच माहीत असायला हव्यात, त्यांतली पहिली पाच हजारांची. लायब्ररीत तीन कोटी फाइली राहू शकतात, पण एका व्ह्यूला (गाळून दाखवलेल्या यादीला) एका दमात ५,००० च्या वर ओळी चाळू देत नाही, आणि ऑनलाइनमध्ये हा आकडा वाढवून मिळत नाही. मागचा डेटाबेस ओळी वाचताना प्रत्येकीला तात्पुरतं कुलूप लावतो. कुलपं साधारण पाच हजारांवर गेली की तो अख्ख्या तक्त्यालाच एक कुलूप घालतो आणि बाकीचे सगळे दाराबाहेर थांबतात. ते टाळायला ही मर्यादा आहे. म्हणून पार्ट नंबर, प्लांट असे गाळण्याचे रकाने लायब्ररी रिकामी असतानाच इंडेक्स करून, म्हणजे त्यांची शोधसूची बनवून, ठेवा. कॅलिब्रेशनच्या आमच्या लायब्ररीत हे राहून गेलं आणि एका सोमवारी सकाळी ताईंना गेजची यादीच उघडेना. दोष आमच्या आखणीचा.

दुसरी जागेची. संस्थेला १ टीबी आणि प्रत्येक लायसन्समागे १० जीबी, म्हणजे आम्हाला साधारण सात टीबी. खूप वाटतात. पण नव्या लायब्ररीत मुळातच ५०० आवृत्त्या ठेवायची सेटिंग असते आणि प्रत्येक आवृत्तीची जागा मोजली जाते. ४० एमबीचं ड्रॉइंग शंभरदा सेव्ह झालं की चार जीबी. ड्रॉइंगच्या लायब्ररीत आम्ही आवृत्त्यांची संख्या कमी केली.

तिसरी रिसायकल बिनची. पुसलेलं ९३ दिवस राहतं, मग जातं. सातपूरच्या एका टीमने जुन्या सबसाइटमधली डायच्या दुरुस्तीची नोंदवही 'नको असलेली' म्हणून पुसली आणि चौथ्या महिन्यात ती हवी झाली. त्या नोंदी आता नाहीत. कागदाच्या मूळ चिठ्ठ्या जेवढ्या सापडल्या तेवढ्यांवरून टूलरूमच्या दादांनी आठवून आठवून परत लिहिल्या. ते बघताना फार वाईट वाटलं.

आता कापलेला तारा. आमच्या क्षेत्रात आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक सांगतं की पीपॅप, टूलिंग, डिझाइनच्या नोंदी पार्टचं उत्पादन आणि सर्व्हिस चालू असेपर्यंत, अधिक एक कॅलेंडर वर्ष ठेवायच्या. म्हणजे घड्याळ सुरू होतं पार्ट बंद होण्याच्या घटनेपासून, फाइल बनली त्या तारखेपासून नाही. नोंद किती काळ ठेवायची ते सांगणारी, तारखेवर चालणारी लेबलं सोपी आहेत, पण घटनेवर चालणारी हवी असतील तर वरच्या दर्जाचं लायसन्स लागतं. आमच्यासारख्या शेकडो पार्ट बनवणाऱ्या कारखान्यासाठी ही शोभेची गोष्ट नाही, रोजची गरज आहे. ते लायसन्स आम्हाला परवडलं नाही. मी बंद पार्टची वेगळी यादी ठेवते आणि दर जानेवारीत हाताने पडताळते.

परमिशनकडेही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. 'शेअर' बटण दाबून एखादी फाइल एकाला दिली की त्या फाइलचा परवाना बाकी लायब्ररीपासून वेगळा होतो. अशा वेगळ्या परवान्यांची एका लायब्ररीत ५,००० च्या आत राहण्याची शिफारस आहे. पण आकड्यापेक्षा भीती ही की कोण काय बघतंय ते कुणालाच सांगता येत नाही. आम्ही परवाने फक्त गटांना देतो आणि शेअर लिंकची मूळ सेटिंग 'आधीच परवाना असलेले' अशी केली. साइट काढण्यावरही लगाम हवा. टीम्समध्ये नवी टीम काढली की मागे एक साइट आपोआप बनते, प्रायव्हेट चॅनेलला तर आणखी वेगळी. सुरुवातीला सगळ्यांना मोकळीक होती आणि वर्षभरात मालक कोण ते माहीत नसलेल्या ढीगभर साइट साचल्या. आता एक पानाचा फॉर्म आहे. दोन मालकांची नावं लिहिल्याशिवाय साइट मिळत नाही. एकाने कंपनी सोडली तर दुसरा असतो.

मोठ्या कंपनीत कुणी मला विचारलं की घ्यावं का, तर मी जरूर घ्या म्हणेन. पण लायसन्स घ्यायच्या आधी दोन महिने मोजदादीला द्या आणि ती मोजदाद करणारा माणूस कागद वापरणाऱ्यांतला असू द्या. दोन प्लांट, पन्नास कॉम्प्युटर एवढाच पसारा असेल तर दहा नीट लायब्ररींमध्ये काम भागेल, हब वगैरेच्या मागे लागू नका.

मागच्या ऑडिटला ऑडिटर त्याच हॉनिंग मशीनसमोर थांबले. मुलाने न विचारता टॅबवर कोड स्कॅन केला, कंट्रोल प्लॅन उघडला आणि 'दर २० नग' यावर बोट ठेवलं. ऑडिटरनी रिव्हिजन टिपून घेतली आणि ते पुढच्या मशीनकडे गेले.

एक काम मात्र अजून चालू आहे. सिन्नरच्या कामाच्या सूचना मराठीत आहेत, पण युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. पडद्यावर 'धार' दिसतं, पण फाइलच्या आत भलतीच रोमन अक्षरं असतात, त्यामुळे 'धार' शोधलं की एकही सूचना सापडत नाही. कन्व्हर्टरने बरंच काम होतं, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात आणि कामाच्या सूचनेत एक अक्षर बिघडलं तरी चालत नाही. ३४० सूचना होत्या. दोन ट्रेनी मुली आणि मी शनिवारी दुपारी बसून एकेक वाचतो, दुरुस्त करतो, मग लाइनवरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेतो. २१२ झाल्या आहेत. उरलेल्यांत ग्राइंडिंगच्या सगळ्यात जास्त आहेत, त्या या शनिवारी सुरू करतोय.